मार्सेल्सची रेकॉर्ड

तलासरीत मी भाड्याने राहायचे त्या खोलीच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला, म्हणून मी बाबांकडे राहायला आले. २०१८च्या दिवाळीनंतर आमच्या भागात जमीन हलायला लागली होती. सुरुवातीला लोक ओरडत बाहेर पळायचे, मग हळूहळू सवय झाली. मी विज्ञान शिकवायचे त्या शाळेचे वर्ग मैदानात भरू लागले. धक्का बसला की मुलं वहीतून मानही वर न काढता "बाई, हललं" एवढंच म्हणायची. पण तो तडा पाहून घरमालकच म्हणाले, "मॅडम, तुम्ही काही दिवस घरी जा. तुमच्या काळजीने मला झोप लागत नाही."

घर आगर गावात. डहाणू स्टेशनपासून रिक्षाने थोडंसंच, समुद्राच्या अंगाला. २०१४ साली आई गेल्यापासून बाबा तिथे एकटेच राहत होते. मी शनिवारी यायचे आणि सोमवारी पहाटेच्या एसटीने परत जायचे. आठवड्यातून दीड दिवस भेटणाऱ्या मुलीला बाप नेहमीच ठणठणीत दिसतो. रोज एका घरात राहायला लागले तेव्हा मला दिसलं की काहीतरी बिनसलंय.

मी सकाळी स्वयंपाकघरातून सांगायचे, "बाबा, आज गॅसवाला येणार आहे, दुपारी घरी राहा." दुपारी गॅसवाला कुलूप बघून परत जायचा. संध्याकाळी बाबा शपथेवर सांगायचे, "तू मला काही बोलली नाहीस." एकदा बाजारातून कोथिंबीर आणायला सांगितली तर कोलंबी घेऊन आले. वर म्हणाले, "तुला हवी होती ना?" माझा भाऊ पुण्याला असतो. तो फोनवर रविवारी येतो म्हणाला, बाबा "हो, हो" म्हणाले, आणि रविवारी त्याला दारात पाहून चकित झाले. संध्याकाळी बंदरावर मित्रांमध्ये जाऊन बसायचे, तेही सोडून दिलं होतं. विचारलं तर म्हणाले, "काय बोलतात कोण जाणे. नुसती बडबड."

आमची आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, शेवटची काही वर्षं कुणालाच ओळखत नव्हती. मला ती तिची धाकटी जाऊ समजायची आणि न झालेल्या भांडणांबद्दल माझी माफी मागायची. तिची सुरुवात अशीच झाली होती. माझ्या मनात तेच आलं. भावाच्याही मनात तेच आलं, पण त्याने ते बोलून दाखवलं. "बघ, आता त्यांना एकटं ठेवता येणार नाही. तू परत तलासरीला गेलीस की मी त्यांना पुण्याला आणतो. घर बंद करून टाकू."

बाबांना यातलं काही सांगितलं नव्हतं. पुण्याच्या चौथ्या मजल्यावर ते कसे राहतील याचा विचार मी करायचे आणि मग करायचा थांबवायचे.

डहाणूतल्या डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून बरेच प्रश्न विचारले. वार कोणता, पंतप्रधान कोण, शंभरातून सात वजा करत जा. बाबांनी सगळं नीट सांगितलं. वजाबाकी तर माझ्याहून भराभर केली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आत्ता काही ठाम सांगता येत नाही. घरी लक्ष ठेवा. विसरणं वेगळं आणि न घडलेलं घडलं म्हणून सांगणं वेगळं. जुन्या गोष्टी बोलायला लावा, तपासता येतील त्या तपासा. पावसाळा संपला की परत आणा."

जुन्या गोष्टींची बाबांकडे वानवा नव्हती. तरुणपणी मासेमारी सोडून ते मालवाहू जहाजांवर फिटर म्हणून गेले होते, आणि अर्धं आयुष्य इंजिन रूममध्ये काढलं होतं. पण बाबांनी ज्या गोष्टी सांगितल्या त्या तपासायच्या कुणाकडे? बरोबरचे खलाशी कुठे आहेत, आहेत की नाहीत, कुणाला ठाऊक. आई असती तर तिने पटकन खरं-खोटं केलं असतं.

एका गोष्टीवर मात्र ते पुन्हा पुन्हा यायचे. मार्सेल्सची रेकॉर्ड. मार्सेल्स म्हणजे फ्रान्समधलं मार्सेल बंदर, पण आमच्याकडचे बोटीवरचे लोक मार्सेल्सच म्हणतात. तिथल्या गोदी कामगारांचा संप झाला आणि बाबांचं जहाज धक्क्याला अडकून पडलं. बाबा रोज उतरून एका कॉफीच्या दुकानात जाऊन बसायचे. दुकानवाली बाई एकच रेकॉर्ड सारखी लावायची.

"गाणारा कुणी नाही," बाबा सांगायचे. "नुसती वाद्यं. पण खाली तो मोठा गिटार असा चालायचा, ढुम्म, ढुढुम्म, की मला इंजिनाशेजारी उभं असल्यासारखं वाटायचं. निघायच्या आदल्या दिवशी मी ती विकत घेतली. बाकीच्यांनी बायकांना साड्या, अत्तरं आणली. तुझी आई बघून म्हणाली, यात गाणारा कुठे पडला?"

"मग कुठे गेली ती?"

"तू पाळण्यात होतीस तेव्हा उधाणाचं पाणी घरात शिरलं. कव्हराचा लगदा झाला. रेकॉर्ड वाकडी झाली. फेकून दिली."

नाव त्यांना आठवत नव्हतं. आठवत होतं ते वेगळंच. कव्हर निळं, शिडीवर उभा असलेला माणूस, त्याच्या हातात लांब मासा. आणि दुसऱ्या बाजूला तिसरी चीज सुरू व्हायच्या आधी कुणीतरी खोकतो, खुर्ची सरकते, एक बाई एकच शब्द बोलते आणि हसते, मग ऑर्गन सुरू होतो.

"काय बोलते?"

"रकमास. मला वाटायचं, रक्कम मागतेय."

मी हसले, पण आतून धसकले. कोण कशाला रेकॉर्डमध्ये खोकला ठेवेल? आत्याही असेच बारीक बारीक तपशील सांगायची, आणि त्यातला एकही खरा नसायचा.

मग मी त्या रेकॉर्डच्या मागेच लागले. इंटरनेटवर जुन्या रेकॉर्ड ओळखून सांगणाऱ्या लोकांचा एक गट सापडला. तिथे मी माझ्या शाळामास्तरी इंग्रजीत सगळं लिहिलं: फ्रान्स, सत्तरचं दशक, गाणारा नाही, मोठा गिटार, निळं कव्हर, शिडी, मासा. लोकांनी बरीच कव्हरं पाठवली. बाबांना मोबाइलवर एक दाखवलं तर म्हणाले, "हीच!" त्या फोटोत शिडी नव्हती. मी तो दिवस फार वाईट काढला.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती तेव्हा फ्रान्समधल्या लियॉन शहरातल्या एका माणसाने उत्तर दिलं. या प्रकाराला जॅझ-फंक म्हणतात, बँड लहान होता, त्यांनी एवढी एकच रेकॉर्ड काढली आणि ती फार खपली नाही, असं त्याने लिहिलं होतं. सोबत फोटो. निळं कव्हर, शिडी, शिडीवर माणूस. हातात मात्र मासा नव्हता, लांबडा पाव होता.

"पाव आहे हा, बाबा."

बाबांनी मोबाइल लांब धरून पाहिला. "पाव असेल. मला तर सुरमईच वाटली होती."

मी त्याच दुपारी ती सगळी रेकॉर्ड इंटरनेटवर शोधून काढली. मागे कधीतरी तिची सीडी निघाली होती, तीच कुणीतरी चढवली होती. मी कानात इअरफोन घालून दुसऱ्या बाजूची तिसरी चीज लावली. थेट ऑर्गन सुरू झाला. खोकला नाही, खुर्ची नाही, बाई नाही. मी परत परत लावलं. आजूबाजूच्या चिजाही ऐकल्या. काही नव्हतं.

बाबांना सांगायला नको होतं, पण त्यांनी विचारलंच. मी सांगितलं. ते उठून अंगणात गेले, परत आले. मग म्हणाले, "असं कसं होईल? मी ऐकलंय, बाय." थोड्या वेळाने, "की त्या दुकानातच कुणी खोकायचं?" आणि त्यानंतर त्यांनी मार्सेल्सचं नाव काढलं नाही. मला वाटलं, आता यांचा स्वतःवरचा विश्वास गेला. तो मी घालवला.

भावाला मी फोनवर हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग झालं तर. दिवाळीनंतर मी येतो आणि घेऊन जातो."

लियॉनच्या माणसाचे मी आभार मानले आणि खोकल्याची गोष्टही लिहून टाकली. का, ते मला सांगता येणार नाही. त्याचं उत्तर दोन ओळींचं होतं. सीडी काढताना असले आवाज बऱ्याचदा कापून टाकतात, आणि मूळची रेकॉर्ड त्याने स्वतः कधी ऐकलेली नाही. पण एक छोटी कंपनी जुन्या मूळ टेपवरून ती परत रेकॉर्डच्याच रूपात काढते आहे, थांबता येत असेल तर थांबा.

मी थांबले. मुंबईतल्या एका रेकॉर्डच्या दुकानाला फोन करून मागवायला सांगितली. पावसाळ्यात गणपती आले, गेले. तलासरीची खोली दुरुस्त झाली होती, पण मी तिकडे गेले नाही. रोज एसटीने जाऊन-येऊन करत राहिले. जमीन मधूनमधून हलतच होती. गंमत म्हणजे धक्का बसला की तो सगळ्यात आधी बाबांना कळायचा. ते बसल्या जागी पाय जमिनीला टेकवून म्हणायचे, "हलतंय," आणि मग क्षणभराने कपाटावरची भांडी वाजायची. इंजिन रूममध्ये राहून त्यांचे तळपाय तयार झाले होते. अशा वेळी ते इतके हुशार दिसायचे की मला डॉक्टर, आत्या, सगळं विसरायला व्हायचं.

नवरात्राच्या सुमारास कुरिअर आलं. चौकोनी, चपटं खोकं. मी ते पंख्याखाली बसून उघडलं. कव्हर नवंकोरं, निळं. पण घरात रेकॉर्ड वाजवायचं यंत्र कुठे होतं?

बाबा म्हणाले, "चिखल्याला चल. बाईंकडे आहे."

चिखल्याच्या या इराणी बाईंची चिकूची वाडी होती. बाबा जहाज सोडून आल्यापासून त्यांच्या विहिरीवरचा पंप बघायचे. बाईंनी ऐंशी ओलांडली होती. फ्रॉक, डोक्याला रुमाल, आणि मराठी-गुजरातीची त्यांची स्वतःची खिचडी. रविवारी सकाळी आम्ही रिक्षाने गेलो तेव्हा त्या ओट्यावर चिकू निवडून घेत होत्या.

"आव, मिस्त्री, आव. आज पंप नाय बिघडला, तरी कसा आला?"

मी पिशवीतून रेकॉर्ड काढली. बाईंनी ती दोन्ही हातांनी कडेला धरली, जसं जुने लोक धरतात. "नवी आहे ही! आता कोण काढते नवी?" त्यांच्या दिवाणखान्यात नवऱ्याने घेतलेलं लाकडी पेटीतलं यंत्र होतं, दोन्ही बाजूंना मोठाले स्पीकर. त्यांनी रुमालाने धूळ पुसली आणि मला म्हणाल्या, "डीकरी, सुई तू ठेव. माझा हात हलते."

पहिली बाजू आम्ही नीट, सगळी ऐकली. मोठा गिटार सुरू झाला तसे बाबा उठून स्पीकरजवळ जाऊन बसले आणि त्याच्या लाकडावर पंजा ठेवला. त्यांचा चेहरा सैल झाला. "हेच," ते म्हणाले, "हेच ते." आता मला शंका उरली नव्हती की ही तीच रेकॉर्ड आहे. पण मला हवं होतं ते पुढे होतं.

मी बाजू पालटली. दुसरी चीज संपली. सुईची बारीक खरखर. आणि मग कुणीतरी खोकलं.

अगदी स्पष्ट, कोरडा, घशातला खोकला. खुर्ची सरकल्याचा आवाज. एक बाई म्हणाली, "रकमॉन्स," आणि हसली. बाजूला इराणी बाईही तिच्याबरोबर हसल्या. "अरे, बोलली ती! परत सुरू करा, असं बोलली. माझ्या शाळेत फ्रेंच होती."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते मला थांबवता आलं नाही. मी बाबांकडे वळले.

ते स्पीकरवर हात ठेवून वाट बघत बसले होते. ऑर्गन सुरू झाला, मागोमाग मोठा गिटार, तसे ते दचकले. "लागलं सुद्धा?" ते म्हणाले. आवाजात इतकी निराशा होती की मला कळेना. "यांनी पण कापलं ना? नाहीये ना खोकला?"

"बाबा, आहे! आत्ताच झाला."

"कुठे झाला?"

मी सुई मागे नेली. खोकला, खुर्ची, बाई, हसणं. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. मी आवाज पार वाढवून पुन्हा लावलं, इतका की बाहेर चिकू भरणाऱ्या बायका दारात आल्या. तेव्हा बाबांनी मान तिरकी केली आणि उजवा कान स्पीकरला लावला. "काहीतरी खाटकन झालं," ते म्हणाले.

इराणी बाईंनी यंत्र बंद केलं. त्या बाबांच्या अगदी समोर येऊन उभ्या राहिल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "मिस्त्री, तुजा कान गेला आहे." मग माझ्याकडे वळून, "मला तर गेल्या साली कळला होता. पंप असा किंचाळत होता की कावळे उडून जात होते. हा हात लावून बोलते, आवाज एकदम चांगला आहे. मला वाटला, घरी माहीत असेल."

आम्हाला माहीत नव्हतं. गॅसवाला, कोलंबी, रविवार, बंदरावरची नुसती बडबड, सगळं एकामागून एक माझ्या डोक्यात जागेवर बसत गेलं. मी स्वयंपाकघरातून बोलायचे, पाठमोरी, नळ सुरू असताना. डॉक्टरांनी छोट्या खोलीत समोर बसवून विचारलं होतं, तेव्हा त्यांना सगळं कळलं होतं. ते काही विसरत नव्हते. त्यांच्यापर्यंत काही पोचतच नव्हतं.

बाबा अजून गोंधळलेले होते. मी त्यांच्या उजव्या कानाजवळ जाऊन सांगितलं, "बाबा, खोकला आहे. खुर्ची आहे. बाईसुद्धा आहे, रकमास म्हणते आणि हसते. तुम्ही सांगितलंत तस्सं."

"तस्सं?"

"तस्सं."

त्यांनी इराणी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान डोलावली. बाबांनी रुमाल काढला, तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिले. मग म्हणाले, "मला वाटलं, माझीपण बहिणीसारखी गत झाली." म्हणजे तेही इतके महिने तेच मनात धरून बसले होते, माझ्या शेजारच्या खोलीत, मला न सांगता.

बाईंनी आम्हाला पुदिन्याचा चहा पाजला आणि चिकूची एक पिशवी भरून दिली. बाबांना म्हणाल्या, "आता कान करून ये. मग माझा पंप बघ. तोपर्यंत हात नाय लावायचा." बाबांना ते ऐकू आलं आणि ते मनापासून हसले.

वापीला कानाचे चांगले डॉक्टर आहेत असं कळलं, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिकडे गेलो. डॉक्टर हिंदीत म्हणाले, इंजिनाच्या आवाजाने कान असे हळूहळू जातात, जड आवाज राहतात आणि बारीक आवाज आधी जातात, माणसाला स्वतःला कळतच नाही. गेलं ते परत येणार नाही, पण मशीनने बरंच काम भागेल. उजव्या कानात मळाचा दगड झाला होता, तो त्यांनी काढला. डाव्या कानाला यंत्र बसवलं. डहाणूच्या डॉक्टरांनाही परत दाखवलं. ते स्वतःवरच चिडल्यासारखे झाले आणि म्हणाले, "आधी कान बघायला हवे होते. बाकी मला काळजीचं काही दिसत नाही. वर्षाने आणा, एवढंच."

भावाला मी दवाखान्याच्या पायऱ्यांवरूनच फोन केला. त्याने सगळं ऐकलं. मग तो म्हणाला, "बहिरे आहेत? नुसते बहिरे?" आणि आम्ही दोघं हसत सुटलो, भर रस्त्यात, लोक बघायला लागेपर्यंत. पुण्याला न्यायचा विषय त्यानेच बंद केला.

यंत्राचा बाबांना पहिले काही दिवस फार त्रास झाला. कागद चुरगळला तरी तो त्यांना खणखणीत वाटायचा. कावळ्यांवर चिडायचे. इराणी बाईंकडे जाऊन त्यांनी आपली रेकॉर्ड ऐकली आणि मला येऊन सांगितलं की खोकणारा पुरुष आहे, आणि त्याला सिगारेट सोडायला पाहिजे होती. वरचे काही सूर त्यांना यंत्र लावूनही लागत नाहीत. तिथे काहीतरी वाजत असणार, असं ते समजून घेतात. संध्याकाळी ते पुन्हा बंदरावर जायला लागले, आणि तिथे खरंच नुसती बडबड असते असं म्हणतात.

दिवाळीची सुट्टी संपली. शाळेच्या पहिल्या दिवशी मी नेहमीची एसटी धरली, खिडकीजवळ बसले. सकाळचं कोवळं ऊन होतं, भात कापून शेतं मोकळी झाली होती. तिकीट काढलं आणि मला झोप लागली. साधी डुलकी नव्हे, गाढ झोप. त्या वर्षात मी अशी झोपलेच नव्हते. तलासरी आली, गेली, अर्धी गाडी उतरली, मला पत्ता नाही. पुढे उधव्याला, शेवटच्या थांब्यावर, गाडी रिकामी झाली तेव्हा कंडक्टरने शेजारच्या सीटवर तिकिटाचं मशीन वाजवून मला उठवलं.

"मॅडम, रोज तलासरीला उतरता ना?"

मी डोळे चोळत बाहेर पाहिलं. शाळेची वेळ टळून गेली होती. स्टँडवरच्या टपरीवर मी चहा घेतला आणि परतीच्या गाडीची वाट बघत उन्हात उभी राहिले.